पाह्यल्याचा ग्रंथ

माय, आज सकाळपासून मला भीती वाटतेय, आणि ती सांगितली तर कळेल असं माणूस तू एकटीच होतीस. काल अंगणवाडीत एक मुलगी आली होती. शिकलेली, बोलायला गोड, खांद्यावर झोळी, हातात मोबाईल. घाटंजीकडच्या गावागावांतून फिरून ती आपला ग्रंथ गोळा करतेय. हो, आपलाच, पाह्यल्याचा ग्रंथ. त्याचं छापील पुस्तक काढायचं म्हणते. तुझ्या कापूसवेचणीच्या टोळीतल्या ज्या बाया अजून हयात आहेत त्यांनी आपापल्या साक्षी तिला सांगितल्या, आणि प्रत्येकीने शेवटी हेच सांगितलं की सगळ्यांत मोठी साक्ष आमच्या मुकादमबाईच्या पोरीची, ती मारेगावला अंगणवाडी चालवते, तिले विचार. मी तिला चहा दिला, पोरांना खिचडी वाटायची आहे असं सांगितलं आणि सोमवारी ये म्हणाले. खिचडी केव्हाच वाटून झाली होती. बसायला जागा हवी म्हणून तिने माझ्या शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलली, तेव्हा मी 'ती राहू द्या' असं इतक्या जोरात म्हणाले की खेळणारी पोरं गप्प झाली. मग ती बिचारी पोरांच्या सतरंजीवर बसली आणि मी माफीसुद्धा मागितली नाही.

तिने मला विचारलं, हे तुमच्या आईला सुचलं कसं? मी खांदे उडवले. पण मला माहीत आहे. पावसाळ्यात आपल्या विहारात ग्रंथवाचन व्हायचं. पांढरी साडी नेसून तू पुढच्या रांगेत बसायचीस, वाचणाऱ्या काकांच्या तोंडाकडे एकटक बघत. तुला अक्षर वाचता येत नव्हतं, पण काल कुठे थांबलो होतो हे काका विसरले की तूच सांगायचीस. एकदा घरी येताना चिखलातून चप्पल ओढत तू म्हणालीस, "वाचनारा एकटा, आयकनारे सारे. असा बी एखांदा ग्रंथ पायजे का जो साऱ्यायनं सांगावा." मला वाटलं तू उगीच बोलतेयस. तुझं उगीच बोलणं असं काही नसायचं, हे मला कळायला फार वर्षं गेली.

त्याच हंगामात वेचणीला तू ग्रंथ सुरू केलास. तू टोळीची मुकादम होतीस. प्रत्येक बाईला तिची कपाशीची ओळ वाटून द्यायचीस आणि मधली ओळ स्वतः घ्यायचीस, म्हणजे आवाज दोन्हीकडे पोचतो. कमरेला लुगड्याची ओटी बांधलेल्या बाया वाकून पुढे सरकतायत, मी शाळेला सुट्टी म्हणून तुझ्या मागे मागे राहिलेली बोंडं वेचतेय, आणि तुझा आवाज येतोय. डोंगराच्या पलीकडे एक देश आहे, पल्याड. तिथे कपाशीची झाडं सागाएवढी. बोंड फुटलं की असा दणका होतो की हंगामात लोक कानात कापूस घालून झोपतात. तिथली नदी बाजाराच्या दिवशी उलटी वाहते, म्हणजे वरच्या गावांना सामान डोक्यावर न्यायला नको. राजा होता, पण तो एकदा बाजाराला गेला तो परत आलाच नाही, आणि हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. बाया हसायच्या. मग तू आवाज उतरवून सांगायचीस, त्या देशात एक दगडी घर आहे आणि त्या घरात ग्रंथ आहे. ज्याने जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच त्याने यावं आणि सांगावं. खरं सांगितलं की पळसाच्या पानांवर आपोआप अक्षरं उमटतात. ग्रंथ सांभाळणारी म्हातारी आंधळी, कारण डोळस असती तर तिने मध्येच स्वतःचं काहीतरी घुसडलं असतं.

आणि मग एकेक ओळ बोलायला लागायची. ज्या बाईची पाळी ती पल्याडची साक्षीदार व्हायची. "मी पाह्यलं" असं म्हणून सुरुवात करायची. बाकीच्या बाया विचारायच्या, "कोण्या डोयानं पाह्यलं?" आणि तिने म्हणायचं, "ह्याच." मग पुढे सांगायचं. ऐकीव चालायचं नाही. शेजारणीने सांगितलं, दिराने सांगितलं, असं कोणी बोललं की तू ढेकूळ उचलून मारायचीस. माझी सगळी सुट्टी त्या देशात गेली. उलटी नदी पाहिलेली बाई होती, राजाची बाजारात पडलेली पिशवी पाहिलेली बाई होती. मी पाळी मागितली तर तू म्हणायचीस, "तू आधी पाहाले शिक."

उगामुग्या ग्रंथात कधी आला ते मला आठवत नाही. तो पहिल्यापासून नव्हता, एवढं नक्की. पावसात भिजून पडलेल्या कापसाच्या रंगाचा, लहान पोराएवढा, पायांचा आवाज नसलेला. दार न उघडता घरात येतो आणि एका माणसाजवळ बसतो. करत काही नाही, नुसता बसतो. मग ते माणूस हळूहळू गरीब गाय होतं, कोणावर चिडत नाही, राहिलेली कामं उरकतं, स्वतःच्या वस्तू देऊन टाकतं. आणि एक दिवस उगामुग्या उठतो, त्या माणसाचं बोट धरतो आणि त्याला घेऊन जातो. त्याला घालवायचा उपाय एकच. ज्याने त्याला बसलेलं पाहिलं असेल त्याने चारचौघांत मोठ्याने म्हणायचं, मी पाह्यलं. घरातल्या घरात, कानात सांगून भागत नाही. लोकांसमोर नाव घेतलं की तो लाजतो आणि पळतो. पण न पाहता कोणी खोटी साक्ष दिली, तर पान कोरं राहतं आणि उगामुग्या त्या खोटं बोलणाऱ्याच्या शेजारी जाऊन बसतो, कायमचा. हा शेवटचा नियम तू सांगितलास तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, आणि तू हसून म्हणाली होतीस, "भित्री भागूबाई."

मी इतकी घाबरले की एका दुपारी विहारात गेले आणि वाचणाऱ्या काकांकडे तो ग्रंथ मागितला. म्हटलं, त्यात उगामुग्याचं चित्र असेल, बघून ठेवावं. काकांनी बिचाऱ्यांनी कपाट उघडून एकेक पुस्तक काढून पाहिलं, नाव पुन्हा विचारलं, कोणी लिहिला म्हणून विचारलं. मी म्हटलं, पल्याडच्या लोकांनी. बाजाराच्या दिवशी ही गोष्ट तुझ्या कानावर आली आणि भर रस्त्यात तू मला फैलावर घेतलंस. "ग्रंथ कपाटात राह्यते काय? कायले गेलती मागाले? आमच्या बायायचं हाय थे, आमच्यातच राहू दे." मला तुझा राग चालायचा. तुझा राग म्हणजे घरात चूल पेटल्यासारखं होतं, जरा धूर, पण सगळं जागच्या जागी.

आज मला दिसतं ते तेव्हा दिसलं नव्हतं. ती वर्षं कशी होती हे त्या झोळीवाल्या मुलीने पेपरात वाचलंय, मी पोराच्या उंचीवरून पाहिलंय. आज या गावी कोणा शेतकऱ्याने जीव दिला, उद्या त्या गावी. बाया तोंडाला पदर लावून जायच्या आणि न बोलता परत यायच्या, आणि दुसऱ्या दिवशी ग्रंथात उगामुग्याची नवी साक्ष यायची. एक फटकळ तोंडाची बाई तण निंदताना मान वर न करता म्हणाली, "मी पाह्यलं. पल्याडच्या एका घरी तो बसला होता. त्या घरच्या धन्यानं साऱ्यायचे उसने आनलेले भांडे घासूनपुसून वापस केले. कधी न केलं थे केलं." दुसरी म्हणाली, "मी पाह्यलं. त्यानं बायकोले म्हटलं, तुनं माह्यासाठी लय कष्ट काढले. असं गोड थो कधी बोलत नव्हता." कोणी हसलं नाही. त्या दिवशी घरी परतताना सगळ्या बाया भरभर चालत होत्या. घरातल्या माणसात काय बघायचं हे तुम्ही एकमेकींना सांगत होतात, आणि नाव मात्र कोणाच्याच घराचं नव्हतं.

मी बापावर डोळ्यात तेल घालून पहारा ठेवला. तो घाटंजीच्या जिनिंगवर हमाली करायचा, मुळातच कमी बोलायचा, त्यामुळे माझ्या जिवाला घोर. तो विहिरीवर गेला की मी मागे, पानठेल्यावर गेला की मी मागे. एकदा त्याने मला विनाकारण शेंगदाण्याची पुडी आणून दिली तर मी ती खाल्लीच नाही, रडत बसले. तू विचारलंस, काहून रडून राह्यली? मी सांगितलं नाही. सगळ्या साक्षी बायांच्या, आणि ज्याच्याजवळ तो बसायचा तो दरवेळी पुरुष. पूर्ण टोळीची नजर पुरुषांवर होती. बाईजवळ तो बसू शकतो हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. बाईला बसायला वेळ कुठे असतो, असंच आम्हा सगळ्यांना वाटत असणार.

मग तुझ्या शेजारच्या ओळीतल्या मावशीचा नवराही तसाच गेला. सख्खी बहीण नसली तरी मावशी आणि तू एका ताटात जेवायचात. तू रोज त्यांच्या दारावरून जायचीस, त्याच सकाळी तू त्याच्याशी दोन शब्द बोलली होतीस. त्याच्या मौतीवरून परत आल्यावर तू चुलीपुढे बसलीस आणि एवढंच म्हणालीस, "मले दिसलं नाई." त्यानंतर तू ग्रंथ बंद केलास. बायांनी "सांग न वं" म्हटलं तर तू कामाला लावायचीस. पुढच्या वेचणीला पाऊस अवेळी आला, बोंडं झाडावरच काळी पडली, टोळीला काम मिळेनासं झालं. तू घरात जास्त दिसायला लागलीस आणि मला सुरुवातीला त्याचा आनंदच झाला.

भीती कशी आली ते सांगते. मी तेलाची बाटली सांडली. सगळं तेल मातीत गेलं. मी डोळे मिटून, खांदे वर करून उभी राहिले, आता फटका बसणार म्हणून. काहीच बसलं नाही. तू म्हणालीस, "राहू दे. होते असं." असा आवाज मी तुझा कधी ऐकला नव्हता. मग मला बाकीचं दिसत गेलं. तू माझ्या फ्रॉकांच्या खालच्या पट्ट्या उसवून लांबी वाढवून ठेवत होतीस, पुढच्या वर्षी लागेल म्हणून. मला भाकरी थापायला शिकवत होतीस, आणि ती फाटली तरी ओरडत नव्हतीस, पुन्हा पीठ देत होतीस. शेजारणीचा भात शिजवायचा जर्मनचा गंज आपल्याकडे दिवाळीपासून पडला होता, तो तू राखेने लख्ख घासून नेऊन दिलास. मी दारात उभी राहून तुला गल्लीतून जाताना पाहत होते. तू गंज पोटाशी धरला होतास. मला ओरडायचं होतं, आणि कोणाचं नाव घेऊन ओरडावं ते कळत नव्हतं.

बापाला सांगितलं तर तो म्हणाला, "बरंच हाय न, माय मारत नाई तं." घरातल्या घरात सांगून भागत नाही, हा नियम मला तेव्हा पटला.

शेवटच्या वेचणीचे थोडे दिवस काम मिळालं. सगळी टोळी पुन्हा एका वावरात. दुपारी बाया मोहाच्या झाडाखाली जेवायला बसल्या. तू मला म्हणालीस, "तू मावशीजवळ बस." मी बसले. तू तुझ्या फडक्यातली भाकरी सगळ्यांना वाटलीस, स्वतःला एक तुकडाही ठेवला नाहीस. आणि मग तुझा विळा, ज्याला तू मला हात लावू द्यायची नाहीस, तो मावशीच्या पुढ्यात ठेवून म्हणालीस, "हा तूच ठेव. चांगला हाय." मावशी विळ्याकडे बघत राहिली. मी उठून उभी राहिले. माझ्या तोंडात घास होता. मी तशीच ओरडले, "मी पाह्यलं!"

कोणीतरी "बस खाली, पोरी" म्हणालं. मी पुन्हा ओरडले. मग मावशीने, त्या वर्षात जिच्या तोंडून धड शब्द निघाला नव्हता तिने, अगदी शांतपणे विचारलं, "कोण्या डोयानं पाह्यलं?" मी म्हटलं, "ह्याच." "कोनाजवळ बसला हाय?" मी म्हटलं, "मायजवळ. डाव्या बाजूले. पदराचं टोक धरून." तू उठलीस आणि माझ्या अशी कानाखाली वाजवलीस की मी मोहाच्या बुंध्यावर जाऊन आदळले. माय, तुला कधी सांगितलं नाही, त्या मारासारखं सुख मला आयुष्यात कशानेच झालं नाही. कान झणझणत होता आणि मला वाटत होतं, आली, माझी माय परत आली. मग तू खाली बसलीस आणि तोंडात पदर न कोंबता, गळा काढून रडलीस. बाया उठून तुझ्या भोवती बसल्या. इतक्या चिकटून बसल्या की तुझ्या कोणत्याच बाजूला जागा उरली नाही.

त्या दिवसानंतर त्यांनी तुला एकटीला सोडलं नाही. आलटून पालटून कोणी ना कोणी आपल्या घरी निजायला यायची, काहीतरी निमित्त काढून. एकीचं छप्पर गळतं, तर दुसरीचा नवरा घोरतो. मावशी विळा परत घेऊन आली आणि धार लावून दे म्हणून तुझ्यावरच खेकसली. हळूहळू तू पुन्हा शिव्या द्यायला लागलीस. बाप मला बाजारातून शेंगदाणे आणायचा आणि आता मी खायचे. तू जगलीस, माझं लग्न पाहिलंस, नातवंडं मांडीवर घेतलीस, त्यांना उलटी नदी सांगितलीस. उगामुग्या मात्र सांगितला नाहीस.

मी मात्र त्या दुपारपासून घाबरलेली आहे. बसमध्ये शेजारच्या जागेवर पिशवी ठेवते, कंडक्टर ओरडला तरी उचलत नाही. अंगणवाडीत खुर्चीवर पिशवी, घरी पलंगाच्या कडेला उशी. नवरा चेष्टा करतो, कोणासाठी जागा धरून ठेवतेस? मी जागा धरत नाही, मी ती भरते. एखाद्या दिवशी सून चुकली आणि मला राग आला नाही, तर माझं मलाच धस्स होतं. मग मी मुद्दाम तिला चार शब्द सुनावते आणि ती बिचारी म्हणते, आईंना आज काय झालं. तिला काय सांगू, की मला काही झालं नाही हेच मी तपासून पाहत होते?

यवतमाळच्या दवाखान्यात, तुझ्या शेवटच्या आजारात, तू मला जवळ बोलावलंस. छातीत घरघर होती, बोलणं तुटक. तू विचारलंस, "तुले खरंच दिसला होता काय थो?" इतक्या वर्षांनी. मी म्हटलं, "हो माय." तू डोळे मिटलेस आणि म्हणालीस, "बराबर. डाव्याच बाजूले होता." मी तुझा हात सोडला आणि खाटेला वळसा घालून डाव्या बाजूला जाऊन बसले, आणि तू जाईपर्यंत तिथून हलले नाही.

सोमवारी ती मुलगी येईल. तिच्या पुस्तकात सगळ्या बायांच्या साक्षी खऱ्या आहेत, पल्याड देश खोटा असला तरी. त्यांनी जे पाहिलं तेच त्यांनी सांगितलं. एकट्या माझ्या साक्षीचं पान कोरं असणार, हे मी त्या दिवसापासून धरून चाललेय. हे लिहिलेलं मी घडी करून पिशवीत टाकणार आहे, आणि पिशवी शेजारच्या खुर्चीवर. तुझ्यापर्यंत हे पोचणार नाही, पण तेवढी जागा अडेल.

माय, मला तो दिसला नव्हता. त्या दिवशी नाही, नंतरही कधी नाही. डावी बाजूच का म्हणाले, हे तू विचारलं नाहीस. जेवताना ती माझी जागा होती. कळायला लागल्यापासून मी तिथेच बसायचे, तुझ्या मांडीला टेकून, आणि त्या दिवसांत तू मला रोज उठवून मावशीजवळ बसवत होतीस. तिथे कोण बसलं होतं ते तुला माहीत. मला फक्त माझी जागा रिकामी दिसली.